मोठ्या माणसांना शिकवताना: माणूस गप्प का निघून जातो?



आज माझ्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी इथं सोलापुरात शेंगा चटणीच्या पॅकिंगचं प्रशिक्षण घेत होतो. वीसेक महिला होत्या. पाकिटावर काय काय छापायचं, म्हणजे निव्वळ वजन, बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक, हे सगळं सांगून झालं. मग पहिल्या रांगेतल्या एका ताईंच्या हातात पाकीट दिलं आणि म्हणालो, "जरा मोठ्यानं वाचा बघू." त्या पाकीट उलटंपालटं करत राहिल्या. मागून कुणीतरी हसलं. मी पाकीट दुसरीला दिलं आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "घरी पाहुणे आलेत." तिसऱ्या दिवशी फोनच उचलला नाही. त्या बॅचमधली सगळ्यात चांगली चटणी त्यांचीच होती. त्यांना वाचता येत नाही, हे सगळ्या वर्गाला माझ्यामुळं कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला क्लास काढायचा नाही, धंदा करायचाय. अहो, धंद्यातही शिकवावं लागतंच की! शिवणक्लास, पार्लरचा कोर्स तर आलाच. पण कडक भाकरीच्या कामावर पहिली बाई ठेवलीत, तरी तिला तुमचं माप, तुमची पद्धत शिकवावी लागणार. ती बहुतेक वयानं तुमच्यापेक्षा मोठी असणार. भाकरी तिला तुमच्यापेक्षा चांगली येत असेल, फक्त दोनशे भाकऱ्या एका जाडीच्या कशा करायच्या हे शिकायचं असेल.

लहान मुलाला घरचे शाळेत पाठवतात. रुसलं तरी दुसऱ्या दिवशी यावंच लागतं. मोठ्या माणसाला कुणी पाठवत नाही. ते काम बाजूला ठेवून, कधी रोजगार बुडवून येतं, आणि अपमान वाटला की भांडत बसत नाही. नुसतं येणं बंद करतं. तुमच्या वहीत फक्त 'गैरहजर' लागतं.

म्हणून वेळेपासून विचार करा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. अलीकडचं उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. वर्ग दुपारी, घरातली कामं उरकल्यावर. आपल्याकडं तर पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी दहाची बॅच ठेवली, तर कोण येणार? त्याला 'या बायका सिरियस नाहीत' असं म्हणू नका. पाणी कुठल्या भागात कधी येतं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. रमजान, गड्ड्याची जत्रा, शुक्रवारची नमाज, हेसुद्धा वेळापत्रक ठरवतानाच बघा.

आता मुद्द्याचं. शिकायला आलेल्या माणसाला काय येत नाही, हे आपल्याला पटकन दिसतं. काय येतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. यासाठी मी नेहमी म्हसवडची गोष्ट सांगतो. आपल्या माळशिरसला लागून सातारा जिल्ह्यातला माण तालुका आहे, तिथलं हे गाव. चेतना गाला-सिन्हा आणि गावोगावच्या महिलांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद महिला निरक्षर, अर्जावर अंगठे. त्या महिला लिहा-वाचायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं: आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढून दाखवावं! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

हे आपल्या पूर्व भागात रोज दिसतं. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते. पान किती मिळालं, त्यात किती विड्या बसल्या, नापास किती गेल्या, हातात किती आले, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. तिला 'उत्पादन खर्च' हा शब्द फळ्यावर लिहून समजावायला गेलात तर ती बावरते. "अक्का, पान खराब निघालं तर हजारामागं तुमचं किती नुकसान होतं?" असं विचारा. ती तुम्हालाच शिकवेल. नुकसान कुठं धरायचं, हे कळलेल्या माणसाला टॉवेलचा काय आणि चटणीचा काय, भाव काढणं अवघड नसतं.

भाषेचंही तसंच. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी माणसं आपल्या वर्गात एकाच सतरंजीवर बसतात. मराठी समजतं, पण उत्तर द्यायला लाजतात, कारण उच्चाराला कुणीतरी हसेल. त्यांना आपल्या भाषेत शेजारणीला सांगू द्या, शेजारीण मराठीत सांगेल. आणि कुणी हसलंच, तर तिथंच, त्याच क्षणी थांबवा. मी तेव्हा थांबवलं नाही, ही पाकीट वाचायला देण्यापेक्षाही मोठी चूक होती.

हजेरी घेताना आडनाव मोठ्यानं पुकारू नका. आपल्याकडं आडनावावरून लगेच अंदाज बांधतात, हे काय सांगायला पाहिजे? नावापुढं ताई, दादा पुरेसं आहे. सरसकट 'मावशी'ही नको, पस्तिशीच्या बाईला ते आवडेलच असं नाही. काय म्हणू, ते तिलाच विचारा. चहाचे कप सगळ्यांना सारखे. फी राहिली असेल तर बाजूला घेऊन सांगा. ग्रुपवर लांबलचक लिहिण्यापेक्षा आवाजी मेसेज टाका. फोटो स्टेटसला ठेवण्याआधी विचारा, कारण एका फोटोवरून घरी वाद होऊन कुणाचा क्लास सुटू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो! सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून 'हात बसत नाही' असा शेरा मारू नका. दोन-तीन नंबरच्या चाळिशा क्लासमध्येच ठेवा, आणि मशीन उजेडाला लावा.

आदर म्हणजे सगळं गोड बोलणं नाही हं. शिलाई वाकडी असेल तर उसवायलाच लावा. वाकड्या शिलाईला 'छान' म्हणालात तर गिऱ्हाईक तिचा अपमान करेल, आणि पैसेही देणार नाही. फक्त बोलणं शिलाईबद्दल असू द्या, तिच्याबद्दल नको. "इथं कापड ओढलं गेलंय, परत घेऊ" आणि "तुम्हाला कितीदा सांगायचं?", यातला फरक तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

पाकीट मी आजही वाचायला देतो. पण आता चौघींच्या गटाला एक पाकीट, आणि काम असं: वजन कुठं आहे, तारीख कुठं आहे, बोट ठेवून एकमेकींना दाखवा. जिला वाचता येतं ती वाचते, जिला येत नाही ती आकडे ओळखते. ज्यांना वाचायला शिकायचंय, त्यांच्यासाठी वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबतो. हे सगळ्यांसमोर विचारत नाही. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना, एकेकीशी बोलताना विचारतो. मागच्या बॅचला पाच जणी थांबायच्या.