रोजा, रोगी आणि शेजारधर्म

शाबान महिना सरत आला म्हणजे मुसलमान बांधवांचे डोळे पश्चिम क्षितिजाकडे लागतात. चंद्रकोर दिसली की त्या रात्रीपासून रमजान सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपासून एकोणतीस किंवा तीस दिवसांचे रोजे. मशिदीवरची रोषणाई, सायंकाळी फळांच्या गाड्यांभोवतीची गर्दी, दुकानांतील खजुराच्या राशी आणि ईदच्या दिवशी शेजाऱ्याकडून येणारा शीरखुर्मा, एवढे रमजानचे बाह्यरूप आमच्या हिंदू वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु दाराआड हा महिना कसा निभावला जातो, त्याची पूर्वतयारी कोणती, आजारी माणसाने काय करावयाचे, याची विचारपूस सहसा होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात मुसलमानांचे प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्या जवळपास आहे. इतक्या निकटच्या शेजाऱ्याविषयीचे हे अज्ञान केवळ सांस्कृतिक उणीव असती, तर कदाचित क्षम्य ठरले असते. परंतु आज त्यात आरोग्याचा, आणि प्रसंगी जिवाचा, प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम रोज्याचे स्वरूप पाहू. 'रोजा' हा शब्द फारसी. आपल्या मराठीतला 'रोज'ही त्याच घरचा. अरबीत या व्रताला 'सौम' म्हणतात आणि त्याचा अर्थ थांबणे, आवरणे असा आहे. पहाटेचा पहिला उजेड फुटण्यापूर्वी जे खावयाचे ते खाऊन घ्यावयाचे, ती सहेरी. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विडी-तंबाखू नाही. सूर्य मावळला की खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडावयाचा, तो इफ्तार. नुसते पोट आवरून भागत नाही. जिभेने खोटे वा कठोर बोलू नये, निंदा करू नये, राग गिळावा, हाही रोज्याचाच भाग आहे. आपल्याकडे निर्जळी एकादशी करणारी माणसे आहेत, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणारी तर घरोघर आहेत. तेव्हा रोज्याची कल्पना आपल्या मनाला परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की येथे ते व्रत सलग महिनाभर चालते आणि सारा समाज ते एकाच वेळी करतो.

दुसरा फरक ऋतूचा. आपली पंचांगेही चांद्रमासावर चालतात. पण अधिक मासाची योजना असल्यामुळे आपली चवथ नेहमी पावसाळ्यात आणि शिगमो नेहमी फाल्गुनात येतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते व त्यात अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करतो. २०१८ साली तो मे महिन्याच्या मध्यावर सुरू होऊन जूनपर्यंत चालला. २०२४ व २०२५ साली मार्चमध्ये आला. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात सुरू होतील. आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमधील रोजा साधारण तेरा तासांचा, तर जूनमधील साडेचौदा तासांच्या घरातला असतो. आकडा फार मोठा वाटत नाही. पण आपल्याकडचा दमट उकाडा आणि घामाच्या धारा ज्याला ठाऊक आहेत, त्याला पाण्याच्या घोटावाचून गेलेल्या दुपारचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशा व्रताला निश्चय लागतो, तशीच तयारीही लागते. जाणती कुटुंबे शाबानमध्येच सवय बदलू लागतात. चहाच्या आठ-आठ कपांवर दिवस काढणाऱ्या माणसाचे पहिल्या दोन-तीन दिवसांत डोके ठणकते, ते भुकेने नव्हे, चहा एकाएकी तुटल्यामुळे. पंधरा दिवस आधीपासून एकेक कप कमी करीत गेले, की तो त्रास बराच टळतो. विडी-तंबाखूचेही तसेच, किंबहुना हे व्यसन कायमचे सोडण्याला याहून चांगला मुहूर्त नाही. रात्रीची तरावीहची नमाज आणि पहाटेची सहेरी यांत झोपेचे दोन तुकडे होतात, म्हणून दुपारी अर्धा-पाऊण तास पाठ टेकण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

सहेरी टाळून रात्रीच जेवून निजणे, ही आळसाची वाट पुढे महाग पडते. पैगंबरांच्या शिकवणीतही सहेरी करण्यावर भर आहे. या वेळी सावकाश पचणारे अन्न उपयोगी: नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज, मूग किंवा चण्याची उसळ, अंडे, दही, काकडी. खारा बांगडा, सुकी मासळी, लोणचे, पापड हे किनाऱ्यावरच्या माणसाचे जीव की प्राण. पण सहेरीला ते खाल्ले तर दुपारी घशाला कोरड पडलीच म्हणून समजावे. पाणीही एकदम तांब्याभर ओतण्यापेक्षा इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडे थोडे घेत जाणे अधिक हिताचे.

इफ्तारची गोष्ट त्याच्या उलट. दिवसभर संयम आणि संध्याकाळी तळलेले समोसे, भजी, साखरेचे गडद सरबत व त्यावर मिठाई, असा प्रकार झाला की पोट बिघडते आणि महिनाअखेर वजन वाढलेले दिसते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण आपल्याच लोकांसाठी केली, याचा येथे विसर पडू नये. खजूर, पाणी, थोडे फळ, मग नमाज, आणि त्यानंतर शांतपणे नेहमीचे जेवण, हा जुना क्रम धर्माला आणि वैद्यकाला दोघांनाही मान्य होण्यासारखा आहे.

येथवर निरोगी माणसाचे झाले. खरा प्रश्न रोग्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा साऱ्या देशात पहिला आला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे येथील दर चार प्रौढ माणसांमागे एकाहून अधिक मधुमेही. हा रोग धर्म विचारून येत नाही. तेव्हा ज्या घरात रोजे पाळले जातात, तेथेही गोळ्यांवर वा इन्शुलिनवर असलेली वडीलधारी माणसे असणारच, हे उघड आहे. तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. उतारवयात सहसा जडणाऱ्या मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के रुग्ण निदान पंधरा दिवस तरी रोजे ठेवतात, असे त्यात आढळले. त्याच रुग्णांत रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या मानाने रमजानमध्ये साडेसात पट झाल्याचेही दिसून आले. वैद्याने 'नको' म्हटले म्हणून माणूस रोजा सोडतो असे नाही. पुष्कळदा तो वैद्याला सांगणेच सोडतो. धोका नेमका या न सांगण्यात आहे.

वस्तुतः येथे धर्म आणि वैद्यक यांच्यात भांडण नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या ठिकाणी रोज्याची आज्ञा आहे, त्याच ठिकाणी आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. त्यांनी ते दिवस पुढे भरून काढावेत. ज्याला ते कधीच झेपण्यासारखे नाही, त्याने प्रत्येक दिवसाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. त्याला फिदया म्हणतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे, लहान मुलांवर तर बंधनच नाही. म्हणजे सवलत ही व्रतातील पळवाट नव्हे, व्रताच्या रचनेचेच ते अंग आहे. आमच्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे परिशीलन केले आणि त्याचे सार काढून लोकांपुढे ठेवले. त्या वाटेने जाणाऱ्याला या धर्मात करुणेला केवढे स्थान आहे ते कळल्यावाचून राहत नाही.

मग तरीही आजोबा हट्ट का धरतात? कारण चारचौघांत 'मी रोजा धरलेला नाही' असे सांगणे जड जाते. आयुष्यभर पाळलेले व्रत एका गोळीपायी सुटले, हे मनाला पटत नाही. आणि त्यातच दवाखान्यात 'कशाला हे उपास-तापास?' असा तिरसट प्रश्न ऐकावा लागला, की पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही. वैद्य अन्य धर्माचा असला तर हा संकोच दुणावतो. अनेक आजोबा आपल्या गोळ्यांची वेळ मग आपल्याच मनाने बदलतात. सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची पहाटे. यातून विपरीत घडावयास वेळ लागत नाही.

म्हणून आमची पहिली विनंती येथील डॉक्टरमंडळींस आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी व्हावी, असे मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत सांगितले आहे. तेव्हा रुग्णाने येण्याची वाट न पाहता आपणच विचारावे, 'रोजे ठेवणार ना? मग आपण औषधांच्या वेळा आताच ठरवू.' या एका वाक्याने निम्मा संकोच गळून पडेल. ज्याचा मधुमेह आटोक्यात आहे त्याला औषधांची मात्रा व वेळ बदलून रोजे करता येतात. ज्याला लहानपणापासून इन्शुलिन घ्यावे लागते, ज्याची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याला थांबण्याचा सल्ला स्पष्ट, पण आदराने द्यावा. शक्य तेथे मशिदीतील मौलवींचे साहाय्य घ्यावे. डॉक्टराचा शब्द जेथे पोहोचत नाही तेथे त्यांचा पोहोचतो.

रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. तेव्हा दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी तपासणी जरूर करावी. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर उतरली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तत्काळ सोडावा. दरदरून घाम, हातापायांची थरथर, छातीत धडधड, बोलण्यात असंबद्धता ही लक्षणे दिसताच, इफ्तारला अवघी दहा मिनिटे उरलेली असली तरी साखरपाणी द्यावे. त्या दहा मिनिटांची भरपाई धर्माने ठेवलेली आहे. गेलेल्या जिवाची नाही.

दुसरी विनंती मालकवर्गास. बांधकामावर, बंदरात, भट्टीपाशी, मासळीच्या धक्क्यावर राबणाऱ्यांत रोजा धरणारे कितीतरी असतात. त्यांस फुकटची सुटी नको आहे. जड काम सकाळी उरकून घ्यावे, भर दुपारच्या उन्हात उभे करू नये, सूर्यास्तापूर्वी घरी वा मशिदीत पोहोचता येईल अशा बेताने पाळी लावावी, एवढेच पुरे. त्याला भोवळ आली, तर रोज्याची थट्टा न करता सावलीत निजवून आधी पाणी द्यावे. शाळांतील शिक्षकांनीही कवायतीच्या तासाला रोजेदार मुलाला सावलीत बसू द्यावे. परीक्षेच्या हंगामात रमजान आला, तर पालकांनीही मुलाच्या शक्तीचा अंदाज घेऊन आग्रह बेताने धरावा.

आणि एक गोष्ट घरातल्या स्त्रीविषयी. सर्वांच्या आधी उठून सहेरी रांधणारी तीच, संध्याकाळी उपाशीपोटी चुलीपुढे उभी राहून इफ्तारची ताटे मांडणारीही तीच, आणि रात्री भांडी आवरून सर्वांच्या मागून निजणारीही तीच. आपल्याकडेही उपासाच्या दिवशी बायकांचे काम कमी न होता वाढते. तेव्हा या बाबतीत कोणीच कोणाला उपदेश करू नये. पुरुषांनी एक पदार्थ कमी मागितला आणि चार भांडी स्वतः विसळली, तर त्या संयमालाही रोज्याची शोभा येईल.

आपल्या घरातील चित्र याहून फार वेगळे नाही. साखर वाढलेली असताना एकादशीला साबुदाण्याची खिचडी व रताळी यथेच्छ खाणारे, किंवा श्रावणी सोमवारी गोळी चुकवून देवळाच्या पायऱ्या चढणारे आपल्यातही आहेत. त्यांची काळजी जितक्या मायेने घ्यावयाची, तितक्याच मायेने शेजारच्या रोजेदाराची घ्यावी. त्याच्या व्रताला नावे ठेवून ती घेता येत नाही, आणि 'त्यांचे ते पाहून घेतील' असे म्हणून तर मुळीच नाही.

उपवास या आपल्या शब्दाचा अर्थ जवळ राहणे असा आहे, ईश्वराच्या जवळ. त्याच्या जवळ जाण्याचा मार्ग शेजाऱ्याच्या दारावरून जातो, असे सर्वच धर्मांतील संतसज्जन सांगत आले आहेत. येत्या रमजानपूर्वी आपल्या आळीतील एखाद्या वृद्ध रोजेदाराला 'चाचा, यंदा डॉक्टरांना विचारलंत का?' एवढे विचारण्यास पैसा लागत नाही आणि पांडित्यही लागत नाही. वाचकांनी तेवढे अगत्याने करावे.