उधन्याच्या माथ्यावरचे सौरवादळ

ध्रुवाकडे आकाश लाल-हिरवे झाले की सौरवादळाची बातमी होते. सुरतमधल्या उधन्याच्या आकाशात तसे काही दिसत नाही. तरीही भारतात या वादळाचा खेळ बघावा तर तो इथल्याच पट्ट्यात.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा अखंड येत असतो. वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर. सूर्यावर उद्रेक झाला की कणांचा मोठा लोट सुटतो आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वी गाठतो. त्याच्यासोबत चुंबकीय क्षेत्रही येते, आणि सारे अवलंबून असते ते त्याच्या दिशेवर. ती दक्षिणेकडे असली तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोड होते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असली तर मोठा लोटही फारसे काही न करता निघून जातो. आपले ‘आदित्य-एल1’ 15 लाख किलोमीटरवरून या वाऱ्याची मोजणी करते.

ऊर्जा उतरते ध्रुवांजवळ. तिथली वरची विरळ हवा तापते, फुगते आणि उंचावर दाटते. फेब्रुवारी 2022 मध्ये नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक या दाटलेल्या हवेच्या घर्षणाने खाली ओढले गेले. ते वादळ तर किरकोळच होते.

आता उधना. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तिथल्या विद्युतक्षेत्रामुळे आयनांबरातले, म्हणजे वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन आणि आयन वर उचलले जातात व चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना दूर उतरतात. शास्त्रज्ञ याला कारंजेच म्हणतात. उत्तरेकडची धार सुरत-अहमदाबादच्या आसपास पडते, म्हणून इलेक्ट्रॉनांची दाटी इथे फार. सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत 2008-09 मध्ये जीपीएस संदेशांवरून ही दाटी मोजली गेली.

लोट येऊन आदळला तेव्हा आपल्याकडे दिवस असेल, तर बाहेरचे विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत झिरपते. कारंजे उसळते आणि धार आणखी उत्तरेला सरकते. काही तासांनी चित्र उलटते. ध्रुवाकडून निघालेले तप्त वारे उलट दिशेचे विद्युतक्षेत्र तयार करतात आणि कारंजे मंदावते. वाऱ्यांमुळे हवेचे मिश्रणही बदलते. जिथे नायट्रोजनचे प्रमाण वाढते तिथे इलेक्ट्रॉन लवकर नाहीसे होतात. म्हणून एकाच वादळात दाटी आधी वाढते, मग घटते.

उपग्रहाचा संदेश या दाटीतून येताना रेंगाळतो. दर चौरस मीटरवरच्या स्तंभात 1 एकक, म्हणजे 10 हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन असले, की जीपीएसच्या मुख्य लहरीवर अंतर 16 सेंटिमीटरने चुकते. 100 एकके असली तर 16 मीटर. उड्डाणपुलावरचा टेम्पो खालच्या रस्त्यावर दिसायला तेवढे पुरते. दोन लहरींवर चालणारा रिसीव्हर ही चूक बरीचशी काढून टाकतो, एका लहरीच्या साध्या फोनला ते जमत नाही.

उधना-लिंबायतच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती: आयनांबराचा धडा शिकवताना मुलांना जरूर सांगा, त्याचा सर्वांत दाट पट्टा त्यांच्याच गावाच्या आसपास आहे.