नगारा उभा राहिला, नगारची कुठे?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला, एक वाद्य चार मजले उंच उभं आहे. ‘बंजारा विरासत’ संग्रहालयाची ही इमारत नगाऱ्याच्या आकाराची. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी जगदंबेच्या देवळात त्यांनी स्वतः नगारा वाजवला आणि ती चित्रफीत देशभर फिरली. आतल्या तेरा दालनांत समाजाचा वारसा मांडला आहे. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणा-कर्नाटकातूनही माणसं येतात.

बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून बंजाऱ्यांचे तांडे मुलुखभर फिरत, ती लदेणी. रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि लदेणीचा कणा मोडला. १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायची वाट मोकळी केली. तो कायदा गेला १९५२ मध्ये. या पडझडीत बैल गेले, व्यापार गेला, पण नगारा राहिला. आजही थाळीच्या साथीने भजनाला तोच लागतो.

आता कागदपत्रं पाहा. वऱ्हाड पोलिसांतले कम्बरलेज यांनी एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या ग्रंथात त्याचाच आधार घेतला. त्यात मथुरिया, लभाणा, चारण आणि धारी असे चार विभाग आहेत. धारी म्हणजे वंशगाथा गाणारे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, बंजारी बोलीला जागा मिळाली. जात, कुळी, व्याकरण सगळं टिपलं गेलं. एखादा वादक हात कसा बसवतो, कुणाकडून शिकला, पोट कशावर भरतो, हे विचारणं राहूनच गेलं.

तबल्याचं तसं नाही. नसरीन मुन्नी कबीर यांनी झाकीर हुसेन यांना बोलतं केलं, त्याचं २०१८ मध्ये पुस्तक झालं. तालवादकांची आयुष्यं उलगडणारे पॉडकास्टही आता निघतात. तांड्यावरच्या वादकाला असं विचारायला गेलं तर विषयांना तोटा नाही: पावसाळ्यात सैल पडणारं कातडं, होळीच्या लेंगी गीतांचा ठेका, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेलं वाद्य, लग्नात डीजेने घेतलेली जागा.

पण नुसतं कौतुक टिपलं तर गोष्ट अर्धीच राहील. याच वऱ्हाडात डफडं होतं, आणि ते कुणी वाजवायचं हे जात ठरवत असे. लग्न दुसऱ्याचं, मिरवणूक दुसऱ्याची, वाजवणारा मात्र मांडवाबाहेर. आंबेडकरी चळवळीत गावकीच्या कामांबरोबर वाजवणं सोडणं हाही स्वाभिमान ठरला. वाद्य खाली ठेवणाऱ्याचा हा निर्णयही वादनाच्या इतिहासातच मोडतो. म्हणून ध्वनिमुद्रण दोघांचं हवं: ज्याने ताल जपला त्याचं आणि ज्याने तो जाणूनबुजून सोडला त्याचंही.

पोहरादेवीला इमारत तयार आहे, यात्रेला माणसं आपणहून येतात. तिथे एक ध्वनिदालन करून यात्रेत आलेल्या वादकांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावं, प्रत्येकाचं नाव-गाव त्याच्या संमतीने नोंदवावं आणि वेळेचा मोबदला द्यावा. मोबदल्याची अट शेवटी लिहिली असली, तरी अंमल तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा. फुकट वाजवून घेण्याची सवय आपल्या गावांना फार जुनी आहे.