शून्यावर चार

२०२५ च्या जून महिन्यात, हळदीचा हंगाम ओसरल्यावर, मी माझ्या मुलासह सव्वीस दिवस इंग्लंडमध्ये होतो. पेढीच्या कामाखेरीज इतके दिवस सांगलीबाहेर राहण्याचा माझ्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग. मुलाचे वय वीस. सी.ए.च्या इंटरमीजिएट परीक्षेचे पेपर मे महिन्यात देऊन तो मोकळा झाला होता, आणि 'ही परीक्षा दिलीस की इंग्लंडमध्ये कसोटी सामना दाखवीन,' असा शब्द मी त्याला दोन वर्षांपूर्वी देऊन बसलो होतो. व्यापाऱ्याने दिलेला शब्द फिरवता येत नाही.

क्रिकेटचे वेड आमच्या घराला नवे नाही, पण या मुलाचे वेड निराळे. कोणत्या साली कोणत्या मैदानावर कोणी किती धावा केल्या, हे तो मालाच्या भावासारखे घडाघड सांगतो. मे महिन्यात रोहित शर्मा आणि विराट कोहली हे दोघेही कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले, तेव्हा परीक्षा तोंडावर असताना त्याने दोन दिवस धड जेवण केले नव्हते. त्याच्या आईला खर्चाची काळजी होती, धाकट्या भावाला पेढीची. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांनी मात्र एका अटीवर संमती दिली. "लीड्सचे मैदान पाहून या," ते म्हणाले, "आपल्या सांगलीच्या माणसाने तिथे काय सोसले, ते त्याला त्या जागी उभे करून सांग."

लीड्समध्ये माझ्या मावसबहिणीचे घर आहे. रात्रीभोजन वर्ज्य असलेल्या घरातील माणसांची इंग्लंडच्या उन्हाळ्यात मोठीच सोय होते. जूनच्या अखेरीस तेथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. सौद्यांच्या दिवसांत संध्याकाळचे जेवण वेळेत व्हावे म्हणून पेढीवरून धावत घर गाठणारा मी, तेथे आठ-साडेआठला निवांत जेवून अंगणात उन्हात बसत असे. फोनवर हे सांगितले तेव्हा आप्पा म्हणाले, "मग तुम्ही झोपता कधी?"

हेडिंग्ले येथील कसोटीच्या पाचव्या दिवसाची, म्हणजे २४ जूनची, तिकिटे आम्ही काढली होती. या मैदानाची एक गंमत आहे. क्रिकेट आणि रग्बी अशी दोन मैदाने तेथे पाठीला पाठ लावून उभी आहेत, आणि दोहोंच्या मधली प्रेक्षकांची इमारत सामाईक आहे. एका भिंतीत दोन दुकाने असावीत तसे. नवा कर्णधार शुभमन गिल याची ही पहिलीच कसोटी. भारताच्या फलंदाजांनी या एका सामन्यात पाच शतके केली होती: यशस्वी जयस्वाल, गिल आणि के. एल. राहुल यांचे एकेक, आणि ऋषभ पंतची दोन्ही डावांत दोन. इंग्लंडला जिंकण्यासाठी ३७१ धावा हव्या होत्या, त्यांपैकी आदल्या दिवशी फक्त २१ झाल्या होत्या. "पाच शतके करून कोणताही संघ आजवर हरलेला नाही, बाबा," असे सांगत मुलगा आत शिरला.

त्या संध्याकाळी तो इतिहास बदलला. बेन डकेटने १४९ धावा केल्या आणि इंग्लंडने पाच गडी राखून सामना जिंकला. मी खेळाचा जाणकार नाही, पण हिशेब मला कळतो. पहिल्या डावात आमचे शेवटचे सात गडी ४१ धावांत गेले होते, दुसऱ्या डावात शेवटचे सहा ३१ धावांत. वर झेलही सुटले. मोठ्या विक्रीत कमावलेले बारीकसारीक गळतीत घालवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांच्या पेढ्या अशाच बसतात.

प्रेक्षक पांगू लागले तरी मुलगा जागचा हलला नाही. तेव्हा मी आप्पांची अट पुरी केली.

विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत झाला. १९५२ मध्ये ते भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले आणि मालिकेतील पहिली कसोटी याच हेडिंग्लेवर झाली. पहिल्या डावात तीन गडी बाद ४२ अशी अवस्था असताना हजारे आणि विजय मांजरेकर यांनी चौथ्या गड्यासाठी २२२ धावांची भागीदारी केली. हजारे ८९, मांजरेकर १३३. पण दुसऱ्या डावात जे घडले, ते क्रिकेट असेपर्यंत विसरले जाणार नाही. आपली पहिलीच कसोटी खेळणारा फ्रेड ट्रुमन आणि अनुभवी अ‍ॅलेक बेडसर यांनी अवघ्या चौदा चेंडूंत भारताचे चार गडी बाद केले, तेव्हा फलकावर एकही धाव नव्हती. पंकज रॉय शून्य, दत्ताजीराव गायकवाड शून्य, सुनील गावसकरांचे मामा माधव मंत्री शून्य, आणि पहिल्या डावातील शतकवीर मांजरेकर तेही शून्य. शून्यावर चार.

"पुढे हजारे खेळले ना?" मुलाला आकडे ठाऊक होतेच, तरी त्याने विचारले.

"खेळले. पाचवा गडीही २६ धावांवर गेला. मग हजारे आणि दत्तू फडकर यांनी १०५ धावा जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४. सर्वबाद १६५. सामना गेला, सात गड्यांनी."

तो बराच वेळ खेळपट्टीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मांजरेकर तेव्हा वीस वर्षांचे होते, बाबा." हे मला ठाऊक नव्हते.

लीड्सहून आम्ही लंडनला आलो आणि वेम्बली येथे एका परिचितांकडे उतरलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात विम्बल्डनला गेलो. हातात तिकीट नव्हते. तेथे पहाटेपासून रांगेत उभे राहून त्याच दिवशीचे तिकीट मिळवता येते. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकापुढे कोणाची ओळख, कोणाचा हुद्दा चालत नाही. आमच्या पुढे एक वृद्ध जोडपे घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन बसले होते. गेली कित्येक वर्षे आपण असेच येतो, असे त्यांनी सांगितले. माझ्यातल्या व्यापाऱ्याने तेथे दोन गोष्टी मनात टिपून ठेवल्या. तेथील प्रसिद्ध स्ट्रॉबेरी-क्रीमची किंमत २०१० पासून २०२४ पर्यंत अडीच पौंडांवरून हलली नव्हती. आम्ही गेलो त्या वर्षी ती वीस पेन्सने वाढली होती. दुसरी गोष्ट अशी की, मोठ्या कोर्टावरील प्रेक्षक लवकर घरी निघाले, तर त्यांच्या रिकाम्या जागा अल्प दरात पुन्हा विकल्या जातात आणि ती रक्कम धर्मादाय कामास जाते. रिकाम्या खुर्चीतूनही दान घडते, हे मी घरी पत्रात लिहावे तसे फोनवर सविस्तर सांगितले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच परीक्षेचा निकाल लागला.

मुलगा सकाळपासून मोबाइल घेऊन खोलीत बसला होता. दार उघडून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी समजलो. "दोन्ही ग्रुप गेले," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्यानेच भर घातली, "शून्यावर चार, बाबा."

या जागी मी समजुतीचे काही बोललो असे लिहावेसे वाटते; परंतु तसे घडले नाही. "साऱ्या जगाच्या धावा पाठ आहेत, अभ्यासाचे मात्र पाठ होत नाही," असे शब्द माझ्या तोंडून गेले. परक्याच्या घरात, त्या घरच्या माणसांसमोर. फाउंडेशनची परीक्षा तो पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला होता, हे मला त्या क्षणी आठवले नाही. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने एवढेच सांगितले की, लॉर्ड्सच्या सामन्याला आपल्याला यायचे नाही, शक्य असल्यास परतीचे तिकीट अलीकडचे करावे.

रात्री मी आप्पांना फोन लावला. तेव्हा सांगलीत पहाट होत होती; आप्पा उठलेलेच असतात. मी निकाल सांगितला, खर्चाचा उल्लेख केला, माझा त्रागा बोलून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "२००५ साली हरिपूरच्या पेवांत कृष्णेचे पाणी शिरले. आपली हळद कुजून गेली. आठवते?"

"आठवते."

"त्या दिवशी मी तुला काय बोललो होतो?"

मला आठवेना. कारण ते काहीच बोलले नव्हते. पेवातली सडलेली हळद उपसून झाल्यावर त्यांनी स्नान केले, कोरडी वही काढली आणि देणेकऱ्यांची नावे एकेक करून लिहावयास घेतली. मी शेजारी बसून त्यांना आकडे सांगत होतो. "त्याला फोन दे," आप्पा म्हणाले. नातवाशी ते काय बोलले, ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाची क्षमा मागितली. क्षमापनेच्या दिवशी साऱ्या गावाची क्षमा मागणे सोपे असते. आपल्याच मुलासमोर ऐन आषाढात हात जोडणे जड जाते, हे मला त्या दिवशी कळले. तो म्हणाला, "लॉर्ड्सला जाऊ या."

लॉर्ड्सच्या मैदानाला एका बाजूला उतार आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच मीटरचा फरक पडतो, आणि जगातील सर्वांत प्रतिष्ठेचे सामने त्या उतारावर खेळले जातात. आवारातील संग्रहालयात अ‍ॅशेसचा सुप्रसिद्ध कलश आहे. तो वीतभरही उंच नाही. पण माझे मन गुंतले ते एका चिमणीत. ३ जुलै १९३६ रोजी केंब्रिज विद्यापीठाकडून खेळणारे, भारताचे कसोटीपटू जहांगीर खान यांनी टाकलेला चेंडू उडत्या चिमणीला लागला आणि ती मरण पावली. त्याच चेंडूवर बसवलेली ती चिमणी तेथे जपून ठेवली आहे. कोणाचाही हेतू नसताना एक जीव गेला. मी क्षणभर थांबलो. मुलगाही थांबला.

१४ जुलै, सामन्याचा पाचवा दिवस. भारताला जिंकण्यासाठी १९३ धावा हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळीच चार गडी ५८ धावांत बाद झाले होते. सकाळी आणखी पडझड झाली. सात गडी बाद ८२, उपाहाराला आठ बाद ११२. आमच्या मागचे काही लोक सामान आवरू लागले. रवींद्र जडेजा मात्र उभा राहिला. त्याच्या साथीला जसप्रीत बुमराने ५४ चेंडू खेळून काढले, धावा केल्या फक्त पाच. मग मोहम्मद सिराज आला आणि तीस चेंडू टिकला. फलंदाजी हे ज्यांचे काम नव्हे, अशा दोन माणसांनी मिळून चौऱ्याऐंशी चेंडू अडवले. प्रत्येक अडवलेल्या चेंडूला टाळ्या पडत होत्या, इंग्लंडचे प्रेक्षकही वाजवत होते. शेवटी शोएब बशीरचा चेंडू सिराजने बॅटच्या मध्यभागी नीट अडवला. तो खाली पडला, सरपटत मागे गेला आणि यष्टीला लागला. १७० सर्वबाद. बावीस धावांनी पराभव. जडेजा ६१ वर नाबाद होता.

सिराज जमिनीवर वाकून बसला. इंग्लंडचे खेळाडू आपला जल्लोष थांबवून त्याच्यापाशी गेले. माझा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचे डोळे भरले होते. परंतु लीड्सला पाहिला होता, तो चेहरा हा नव्हता. बाहेर पडताना तो म्हणाला, "शेवटचा चेंडू त्याने बरोबर खेळला होता, बाबा. तरी गेला."

"होय," मी म्हणालो. आणखी काही बोलण्याचा मोह मी आवरला.

सांगलीला परतल्यावर सामान ओसरीवर असतानाच आप्पांनी त्याला जवळ बोलावले.

"लीड्सचे मैदान पाहिले?"

"पाहिले, आजोबा."

"शून्यावर चार. पुढे किती झाले?"

"एकशे पासष्ट."

"मग?"

"मग हरलो. सात गड्यांनी."

"आणि त्यानंतर?"

मुलगा थोडा थांबला. "त्यानंतर दहा दिवसांनी दुसरी कसोटी लॉर्ड्सला होती. लीड्सला विनू मांकड नव्हते, तिथे आले. पहिल्या डावात ७२ केल्या, इंग्लंडच्या डावात त्र्याहत्तर षटके टाकली, आणि दुसऱ्या डावात १८४ काढल्या."

"तो सामना जिंकलो?"

"नाही, आजोबा. तोही हरलो."

आप्पांनी मान हलवली. माझ्याकडे न पाहता त्यांनी मला परीक्षेच्या पुढील अर्जाची तारीख विचारली. मुलानेच ती सांगितली.