दारात कुणी उभं असतं

लातूर काय, नांदेड काय, संध्याकाळी शिकवण्या सुटल्या की रस्ता सायकलींनी भरतो. माझी लेकही अशीच यायची. अंधार पडला की तिची अम्मी दारात येऊन उभी राही. मग मी सायकलीला मागे लाल रिफ्लेक्टर बसवला. त्याला सेल लागत नाही. मागच्या गाडीचा उजेड तो त्याच गाडीकडे परत धाडतो. मात्र धूळ बसली की निकामी, म्हणून रोज पुसावा. सायकल डावीकडूनच चालवावी, पण डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या त्या अंगाला शिरू नये; ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. आणि गाडीवाल्यांनो, ओलांडताना चांगलं मीटरभर अंतर सोडा. खड्डा चुकवायला सायकल अचानक उजवीकडे येते. सायकलवाल्यासाठीही दारात कुणी उभं असतं.