कुटुंबाचे कागद कोणत्या दप्तरी? वडोदऱ्यातील काही रूढ गैरसमज

घटस्फोटाचा हुकूमनामा असो, पोटगीचा आदेश असो, अज्ञान मुलाच्या ताब्याचा निकाल असो किंवा वारसाचा दाखला असो, यांपैकी काहीही हवे झाले की ‘कोर्टात मिळेल’ एवढ्या मोघम उत्तरावर विसंबून घरून निघणारी आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हेलपाटे घालून रिकाम्या हाताने परतणारी माणसे वडोदऱ्यात पूर्वीही होती व आजही आहेत. याचे खापर नेहमी कारकुनांच्या माथी फोडले जाते. परंतु पुष्कळदा दोष कारकुनाचा नसून, कुटुंबासंबंधीचे सर्व कागद एकाच छपराखाली एकाच दप्तरात बांधून ठेवलेले असतात या समजुतीचा असतो. ती समजूत या शहरात दृढ व्हावी याला कारणही आहे. मुळात मंडईसाठी उभारलेल्या आणि १८९६ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावाने उघडलेल्या न्यायमंदिराच्या वास्तूत शतकाहून अधिक काळ न्यायदान चालले, तेव्हा दिवाणी, फौजदारी, घरगुती असा भेद सामान्य माणसाला जाणवण्याचे कारणच नव्हते. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेली, तरी जुन्या मंडळींच्या बोलण्यात कोर्ट म्हणजे अद्याप न्यायमंदिरच.

वस्तुतः कौटुंबिक न्यायालय ही १९८४ च्या केंद्रीय कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र संस्था असून तिचे कार्यक्षेत्र त्या कायद्याच्या सातव्या कलमाने आखून दिलेले आहे. विवाहविच्छेद, विवाहाची शून्यता, वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन, पतिपत्नींमधील मालमत्तेचे वाद, औरसपणाचा प्रश्न, निर्वाह, आणि अज्ञानाच्या देहाचे पालकत्व असे विषय तेथे येतात. अज्ञानाच्या देहाचे असे मुद्दाम म्हटले, कारण त्याच अज्ञानाच्या मिळकतीचे पालकत्व हा जिल्हा न्यायालयाचा विषय राहतो, आणि एकाच मुलाच्या दोन मिसली दोन ठिकाणी असू शकतात. मयताच्या बँकेतील ठेवींसाठी लागणारा वारसा दाखला १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयातून निघतो. गावच्या जमिनीसाठी लागणारा पेढीनामा, म्हणजे वंशावळ, तलाठ्याच्या दप्तरचा. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ च्या कायद्याखालील अर्ज प्रायः दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. विवाहाचा दाखला तर न्यायालयीन कागदच नव्हे. गुजरातच्या २००६ च्या विवाह नोंदणी कायद्यान्वये तो नोंदणी निबंधकाकडून मिळतो, आणि शहरात ते काम महानगरपालिका पाहते.

दत्तकाच्या बाबतीत तर गोंधळ अधिकच. ज्या नगरीचा सर्वांत कीर्तिमान राजा सयाजीराव १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून येऊन महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला, त्या नगरीतील लोकांनी तरी दत्तकाचा कागद कोठे असतो हे जाणावे अशी अपेक्षा करण्याचा मोह होतो! हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्याखाली घरच्या घरी झालेल्या दत्तकासाठी न्यायालयाच्या आज्ञेची मुळी आवश्यकता नाही. दत्तकपत्र नोंदलेले असेल तर दत्तविधान कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते, आणि असे दत्तकपत्र शोधायचे ते उपनिबंधकाच्या कचेरीत. संस्थेतून मूल दत्तक घेण्याचा मार्ग निराळा. तेथील आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात.

दुसरी समजूत अशी की, घटस्फोट झाला म्हणजे न्यायालयात त्याचा कागद असलाच पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मान्य केलेला विवाहविच्छेद अबाधित ठेवला आहे, आणि काडीमोड वा फारकत घेण्याची चाल ज्या ज्ञातींत होती त्यांच्यापैकी अनेकांचे विच्छेद पंचांसमक्ष, फार तर मुद्रांकावरील लेखाने झालेले आहेत. अशा विच्छेदाचा हुकूमनामा शोधीत बसणे व्यर्थ. रूढीविषयी वाद उपस्थित झाला तर ती रूढी पुराव्याने शाबीत करावी लागते, आणि ते सोपे नसते. परंतु तो पुढचा प्रश्न. उलटपक्षी, वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, म्हणजे संबंध देशासाठी तशी तरतूद होण्यापूर्वी चोवीस वर्षे. त्यामुळे आजी-आजोबांच्या पिढीत घटस्फोट असूच शकत नव्हता, असे गृहीत धरून शोध सोडून देणेही या शहरापुरते तरी चुकीचे ठरते.

आता गुप्ततेविषयी, कारण सर्वांत अधिक गैरसमज याच ठिकाणी साचलेले आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. एक पक्ष म्हणतो की न्यायालयाचा कागद सार्वजनिक, तेव्हा पैसे भरून कोणीही नक्कल काढावी. दुसरा म्हणतो की कौटुंबिक खटला बंद दाराआड चालतो, तेव्हा खुद्द पक्षकारालाही कागद दाखवीत नाहीत. दोन्ही मते अर्धवट ऐकीव माहितीवर उभी आहेत. कौटुंबिक न्यायालय कायद्याचे अकरावे कलम असे सांगते की, न्यायालयाला इष्ट वाटल्यास सुनावणी बंद दाराआड घ्यावी, आणि दोहोंपैकी एकाही पक्षाने तशी इच्छा दर्शविल्यास ती तशी घेतलीच पाहिजे. हिंदू विवाह कायद्याचे बाविसावे कलम याहून कडक आहे: त्या कायद्याखालील कामकाजाविषयीचा मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे हा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा अपराध असून, अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या त्या निकालपत्रांचा, जी त्यांच्या पूर्वपरवानगीने प्रसिद्ध होतात. ही बंदी प्रसिद्धीवर आहे. पक्षकाराने आपल्याच दाव्याची नक्कल काढण्यावर नाही. पतीने वा पत्नीने दावा क्रमांक, वर्ष, उभयतांची नावे आणि हव्या असलेल्या कागदाचा तपशील लिहून, कोर्ट फीचे तिकीट लावून नक्कलशाखेत अर्ज दिला म्हणजे प्रमाणित नक्कल मिळण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. इतकेच नव्हे, तर घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर त्याची एक प्रत प्रत्येक पक्षास विनामूल्य दिली पाहिजे असे हिंदू विवाह कायद्याच्या तेविसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, जे पुष्कळांस ठाऊक नसल्याने पहिल्याच प्रतीसाठी ते दलालाचे खिसे भरतात.

तिऱ्हाइताची गोष्ट वेगळी. त्याला कागद कधीच मिळत नाही असे नव्हे, पण तो का हवा हे त्याने सांगितले पाहिजे. या मुद्द्याचा निर्णय गुजरातच्याच प्रकरणात लागला ही योगायोगाची गोष्ट. गुजरात उच्च न्यायालयातील काही प्रकरणांचे कागद माहितीच्या अधिकाराखाली मागितले गेले. उच्च न्यायालयाने आपल्या १९९३ च्या नियमांतील १५१ व्या नियमाकडे बोट दाखविले, ज्यानुसार तिऱ्हाइताने कारणे नमूद करून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो. वाद मुख्य माहिती आयुक्तांकडून वर वर चढत गेला, आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की न्यायदानाच्या बाजूचे कागद न्यायालयाच्या नियमांनीच मिळवावेत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा त्याचा मार्ग नव्हे. तेव्हा अर्जाचे शुल्क भरून शेजाऱ्याच्या घटस्फोटाची मिसल हस्तगत करू पाहणाऱ्यांनी ती आशा सोडावी हे बरे. न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूची माहिती, उदाहरणार्थ किती दावे तुंबले आहेत, ही मात्र त्या अधिकाराखाली विचारता येते.

प्रामाणिक कारण असलेला तिऱ्हाईत बहुधा वधू-वराचा पिता असतो. समोरचे स्थळ घटस्फोटित आहे, खरोखर घटस्फोट झाला आहे की नाही हे कसे कळावे, ही त्याची विवंचना. आणि तो चोरवाटेने न्यायालयाचे दप्तर चाळण्याच्या खटपटीत पडतो. सरळ उपाय असा की, ज्याचा घटस्फोट झाला त्याच्याकडूनच प्रमाणित नक्कल मागावी. ज्याला विनामूल्य प्रत मिळण्याचा हक्क आहे त्याने ती दाखविण्यास टाळाटाळ केली तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे. तीही हातात आली म्हणजे पुढची बाजू वाचून न थांबता मागची उलटून पाहावी. तेथे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची व स्वाधीन केल्याची अशा तारखांचा शेरा असतो, आणि त्याखाली शिक्का व सही. तो शेरा शोभेचा नाही. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळविण्यास आवश्यक गेलेला काळ मुदत कायद्याच्या बाराव्या कलमाने वगळला जातो, आणि तो काळ या तारखांवरूनच ठरतो. नक्कल तयार होऊन पडली असता अर्जदार महिनाभर ती न्यायला आला नाही, तर तो महिना त्याच्या पदरात पडत नाही. पुनर्विवाहाशी याचा निकट संबंध आहे, कारण हुकूमनामा झाला की दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढता येते हा आणखी एक भ्रम. अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील फेटाळले गेल्यावरच हिंदू विवाह कायद्याचे पंधरावे कलम तशी मुभा देते. मुदतीबाबत दोन कायदे दोन आकडे सांगतात: कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस, हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीपासून ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवस ग्राह्य धरले आहेत, आणि शहाण्या माणसाने लग्नाची तिथी काढताना मोठाच आकडा धरावा. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, म्हणून तेथे हा घोर नाही.

संगणकावरील शोधाविषयी लोक एक तर भाबडे असतात, नाही तर साशंक. ई-कोर्ट्सच्या सेवेत सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, दावा क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव व वर्ष घालून दाव्याची स्थिती विनामूल्य पाहता येते. मात्र तेथे जे दिसते ती माहिती, प्रमाणित नक्कल नव्हे, आणि कौटुंबिक प्रकरणांत तीही पुष्कळदा त्रोटक असते. ‘नाव सापडत नाही म्हणजे दावाच नाही’ असे अनुमान काढणे तर सर्वस्वी घातक, विशेषतः मराठी माणसाने. येथील न्यायालयाची भाषा गुजराती. लेखनिकाच्या हातून जाधवांचे जादव होतात, सुलभाताई अर्जात सुलभाबेन म्हणून वावरतात, आणि गायकवाड हे नाव रोमन लिपीत किती परींनी लिहिले जाते हे या शहरात सांगण्याची गरज नाही. एका वर्तनीने शोध निष्फळ झाला तर दुसरीने, तिसरीने करावा; वडिलांच्या किंवा पतीच्या नावाने करावा; आणि दिवाणी न्यायालयाच्या यादीबरोबर कौटुंबिक न्यायालयाची यादी स्वतंत्रपणे पाहावी.

मिसलीत काय सापडेल याच्याही अवास्तव अपेक्षा असतात. साक्षीदार बोलला तो शब्दन् शब्द कागदावर असेल असे समजून कित्येक जण साक्षीच्या नकला मागतात, आणि हाती दीड पानाचा गोषवारा पडला की काहीतरी दडविले असा संशय घेतात. कौटुंबिक न्यायालयाने साक्ष सविस्तर लिहिणे आवश्यक नाही, तिच्या सारांशाची टिपणी पुरे, असे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या पंधराव्या कलमातच आहे. तडजोडीच्या बैठकांत समुपदेशकापुढे झालेले बोलणे रोजनाम्यात उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या काळाकडे वळावे तो मार्ग अधिक बिकट. शहरात कौटुंबिक न्यायालय स्थापन होण्यापूर्वीचे निकाल दिवाणी न्यायालयांच्या अभिलेख कक्षात शोधावे लागतात, आणि सर्वच कागद चिरंजीव नसतात: १९१७ च्या अभिलेख नाशनासंबंधीच्या कायद्याखालील नियमांनुसार मिसलीचे भाग पाडले जातात, समन्स व किरकोळ अर्ज साधारणतः लवकर नष्ट होतात, निकालपत्र व हुकूमनामा दीर्घकाळ राखले जातात. म्हणून ‘संपूर्ण मिसल द्या’ असा अर्ज करण्यापेक्षा निकालपत्र आणि हुकूमनामा नेमके मागावेत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वीचे काही हवे असेल, तर राज्य अभिलेखागाराच्या येथील कोठी आवारातील शाखेत संस्थानी दप्तरे आहेत. तेथे मोडी वाचणारा सोबत असलेला बरा, आणि प्रत्येक खाजगी दाव्याची मिसल तेथे असेलच अशी खात्री बाळगू नये.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी कागद काढणाऱ्यांना एवढेच सांगणे की, साध्या झेरॉक्सवर वकिलाचा शिक्का मारून तो कागद परदेशात चालत नाही. प्रमाणित नक्कल, ती गुजरातीत असल्यास तिचे भाषांतर, आणि हेग करारात सामील झालेल्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, या क्रमाने ते काम होते. भारत त्या करारात २००५ पासून आहे. नक्कल मागतानाच दोन प्रती मागाव्यात, कारण एक परदेशी रवाना झाली की येथील बँक दुसऱ्याच आठवड्यात मूळ प्रत पाहू मागते.