नवरा मस्तक, मग सातबारा कोणाचा?

घर आणि धर्म : लेखांक ६

बल्लारपूरच्या संत थॉमस कॅथेड्रलमध्ये लग्न लागतं तेव्हा नवरदेव नवरीच्या गळ्यात ‘मिन्नू’ बांधतो. सोन्याचं नखाएवढं पान, त्यावर बारीक मण्यांनी उठवलेला क्रूस. तिला ‘मंत्रकोडी’, म्हणजे लग्नाचा शालूही तोच देतो आणि मिन्नूचा सात पदरी दोरा परंपरेने याच शालूतून काढलेल्या धाग्यांचा असतो. मंगळसूत्राला सरावलेल्या शेजारपाजारच्या पाहुण्यांना यात काही परकं वाटत नाही.

वर्धा नदीच्या काठावर केरळची ही रीत आली त्यालाही आता साठ वर्षं होऊन गेली. १९६२ मध्ये रोमने केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, सोपवला. केरळबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. १९७७ मध्ये त्याचा रीतसर धर्मप्रांत झाला आणि बिशपांचं पीठ बल्लारपुरात राहिलं. त्याआधीच स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे पाद्री चांद्यात येऊन बसले होते. त्यांतले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. राज्यातच ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक टक्क्याहून कमी. चंद्रपूर-गडचिरोलीत तर त्याहून विरळ. पण या मूठभर घरांत कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, केरळहून कामाधंद्यासाठी आलेले आहेत, इथल्याच मातीतले आहेत. कुटुंबात कोणाचं चालावं या प्रश्नावर मात्र सगळ्यांपुढे एकच उतारा ठेवला जातो, संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय.

पत्नीने पतीच्या अधीन असावं, कारण पती तिचं मस्तक आहे, एवढंच त्यातलं बहुतेकांच्या कानात राहतं. नवऱ्यांच्या तर फारच. उतारा नीट वाचला तर हिशेब वेगळा निघतो. अधीनतेची गोष्ट त्याच्या एक ओळ आधी सुरू होते आणि ती सगळ्यांना उद्देशून आहे : एकमेकांच्या अधीन असा. मग बायकोला सांगितलंय तीन ओळींत आणि नवऱ्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट. ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसा त्याने बायकोसाठी द्यावा, ही त्यातली अट. पुढच्या अध्यायात मुलांना आज्ञापालन सांगून झाल्यावर बापालाही बजावलंय की पोरांना चिडीला आणू नकोस.

पौलाचा काळ पाहिला की यातला नवेपणा कळतो. रोमन कायद्यात बापाची सत्ता मुलांवर त्याच्या मरणापर्यंत चाले, मुलगा चाळिशीचा झाला तरी. ग्रीक विचारवंत घरावर लिहीत ते घरधन्यासाठी : बायको, पोरं, गुलाम यांना कसं वागवावं. पौल त्या तिघांशी थेट बोलतो आणि घरधन्यालाही कर्तव्यं लावून देतो. मात्र त्याच यादीत गुलामांनी धन्याचं ऐकावं असंही लिहिलंय. ती ओळ दाखवून आज कोणी गुलामगिरीचं समर्थन करत नाही. मग बायकोची ओळ तेवढी कालातीत का, असं ख्रिस्ती स्त्रियांनीच विचारलं, आणि त्याला सरळ उत्तर देणं चर्चला बराच काळ जड गेलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये लिहिलं की ही अधीनता दोघांची, परस्परांची आहे. पौर्वात्य कॅथलिक चर्चच्या १९९० च्या धर्मसंहितेत, म्हणजे बल्लारपूरलाही लागू असलेल्या कायद्यात, संसारात नवरा-बायकोचे हक्क आणि जबाबदाऱ्या समान आहेत. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थना-पुस्तकात मात्र ‘ऐकेन’ हे वचन फक्त नवरी देत असे.

शिकवण खऱ्या घरात उतरली की काय होतं, याचा मराठीतला सर्वांत धडधडीत पुरावा नागपूरशी जोडलेला आहे. नारायण वामन टिळक नागपुरात राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि माहेरच्या माणसांत गेल्या. अशा जोडप्यांसाठी इंग्रजांनी १८६६ सालीच कायदा करून ठेवला होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला आला नाही, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टातून विवाह मोडून घेता येई. कायद्यामागे पौलच होता : अविश्वासी जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये, तो आपणहून गेला तर जाऊ द्यावं, असं त्याने करिंथकरांना लिहिलंय. टिळकांना ही वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्या सोवळ्यासकट. त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी, आणि नवरा ख्रिस्ती उपदेशक. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. टिळक तापट होते, घरात त्यांचा शब्द मोठा होता, पण या एका बाबतीत मस्तकाने वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की निमूटपणे ऐकत राहणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

कायद्याला एवढा धीर नव्हता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाने कायम करेपर्यंत तो पक्का होत नसे, म्हणजे पुन्हा नागपूरच्या खेपा आणि वकिलाची फी. १९९७ मध्ये प्रगती व्हर्गीस यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणं मानली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. १३२ वर्षं लागली!

अधिकाराचा खरा कस लागतो तो जमिनीशी. मस्तकपणाची चर्चा रविवारी होते, फेरफार सोमवारी तलाठ्याकडे होतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती बाप मृत्युपत्र न करता वारला, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांत सारखं, मुलगी असो वा मुलगा. पण त्रावणकोरातून आलेल्या कुटुंबांच्या गावाकडच्या मळ्यावर १९१६ चा तिकडचा कायदा चालवला जात असे. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला आणि २४ फेब्रुवारी १९८६ ला तो कोसळला. तोवर एकाच बापाच्या लेकीचा हक्क बल्लारपूरच्या प्लॉटवर एक आणि कोट्टायमच्या रबराच्या मळ्यावर दुसरा होता. शिवाय हुंडा दिला, आता हिस्सा कसला, हा युक्तिवाद आजही भाऊ करतात. परिचारिका म्हणून पगार घरी आणणाऱ्या बहिणीपुढेही करतात.

गडचिरोलीत गोंड-माडियांकडे रीत उलटी. तिथे देज, म्हणजे वधूमूल्य, नवऱ्याकडचे देतात आणि ज्याची ऐपत नाही तो मुलगा मुलीच्या घरी काही वर्षं राबतो. बाहेरच्या पाद्र्यांना ही ‘मुलीची विक्री’ वाटली. हुंड्याशी ताडून पाहिलं तर निदान मुलगी गेल्याने घराचं नुकसान होतं, हे मान्य करणारी ही रीत आहे. तरीही शेत मुलीकडे येत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे सगळं रूढीवर. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिच्या वारसांना समान वाटा द्यावा लागेल. त्या निकालात पौलाचा उल्लेख यायचं कारण नव्हतं. पण बाप्तिस्मा घेतलेलं गोंड कुटुंब अनुसूचित जमातीतच राहतं, आणि घरात रूढीच चालत असेल तर त्याच्या लेकीला हा निकाल बायबलच्या वर्गापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मुलांचा प्रश्न राहिला. विशेषतः दत्तकाचा, कारण ख्रिस्ती जोडप्यांसाठी त्याचा वेगळा कायदाच नव्हता. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.